सुखदाचा आवाज

सकाळी काढायची नळी दुपार झाली तरी निघाली नव्हती, आणि सूर्यकांतची गाडी संध्याकाळची होती.

दिल्लीच्या लष्करी इस्पितळात, बाळांच्या वॉर्डात, सुकन्या टेपरेकॉर्डर छातीशी धरून बसली होती. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेला, ओंजळीत मावेल एवढा. आत आणण्याआधी सिस्टरनं तो दोनदा स्पिरिटनं पुसायला लावला होता.

समोर छोट्या खाटेवर तिची सुखदा होती. श्रावणात, दिवस भरायच्या आधीच जन्मली, आणि तेव्हापासून तिच्या घशात श्वासाची नळी होती. आता दिवाळीही होऊन गेली. नळीमुळे तिला आवाज नव्हता. सुई टोचली की ती तोंड उघडायची, चेहरा लालबुंद व्हायचा, मुठी थरथरायच्या, आणि ऐकू मात्र काही यायचं नाही.

तिचा बाप महेश वर बर्फातल्या चौकीवर होता. तिथं फोन लागत नसे. त्याच्या पलटणीतलं कोणी दिल्लीवरून पुढे जाणार असलं, की सुकन्या त्याच्याबरोबर कॅसेट द्यायची. आज तिनं माझं बोट धरलं, आज जांभई दिली, आज वजन वाढलं, असं सगळं सांगायची. मागे मशीनची टिकटिक यायची. आणि शेवटी दर वेळी म्हणायची, आत्ताच झोपलीय, नाहीतर ऐकवलं असतं.

या खेपेला पलटणीतला सूर्यकांत रजेवर निघाला, तेव्हा महेशनं त्याच्याकडे एकच निरोप दिला होता.

"तुझ्या वहिनीला म्हणावं, पोर जागी असताना टेप कर."

सूर्यकांतनं तो निरोप जसाच्या तसा सांगितला होता. आज तो परत निघाला होता. ट्रंक बाहेर ठेवून, बूट काढून तो वॉर्डाच्या दारात उभा होता.

डॉक्टर, मेजर हेमलता, यांनी आधीच कल्पना दिली होती. श्वास जमला नाही तर नळी पुन्हा घालावी लागेल, आणि इतक्या दिवसांनी आवाज कसा फुटेल, फुटेल की नाही, हे सांगता येणार नाही. एकदा असा प्रयत्न फसलाही होता. तरीही सकाळपासून वॉर्डात कुणाच्या घरी लग्न असावं तशी गडबड होती. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई, एका हरियाणवी सुभेदाराची बायको, ठेवणीतला सूट घालून आली होती. सिस्टर ड्यूटी संपूनही घरी गेली नव्हती. गावाहून आलेल्या सासूबाई, सखुबाई, एका जागी बसत नव्हत्या. टेप चालू असताना चकार शब्द काढायचा नाही, असं सुकन्यानं त्यांना तीनतीनदा बजावलं होतं.

मेजर आल्या. त्यांनी हात धुतले, सुकन्याकडे बघून मान हलवली. सुकन्यानं बटण दाबलं आणि कॅसेट फिरतेय ना, ते वाकून पाहिलं.

गालावरची चिकटपट्टी निघाली. मग नळी निघाली.

सुखदाची छाती हलली नाही. मग हलली, पुन्हा थांबली. सिस्टरनं नाकाशी ऑक्सिजन धरला. मेजरनी तिच्या तळपायावर टिचकी मारली. सुखदानं तोंड उघडलं. चेहरा लाल झाला, मुठी वर आल्या, आणि आवाज नाही. हे सुकन्याला पाठ होतं. तिच्या हातातला टेप घामानं निसटायला लागला.

"रड गं बाय," सखुबाई बोलल्याच. "रड की. बाप ऐकतोय तुझा."

आणि आवाज आला. घोगरा, खरखरीत, इतका बारीक, की तो नक्की कुठून आला म्हणून सूर्यकांतनं मागे वळून पाहिलं. पुन्हा आला, मोठा झाला. तिसऱ्यांदा ती अशी रडली, की शेजारचं बाळ दचकून उठलं आणि तेही सुरू झालं. सुभेदाराच्या बायकोनं स्वतःचं बाळ सोडून सुकन्यालाच मिठी मारली.

"रो रही है तेरी," ती म्हणत होती. "सुन, कैसे रो रही है."

मेजरचं लक्ष मशीनवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यांवर होतं. आकडे खाली आले नाहीत. त्या तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या, मग बिल्कुल ठीक आहे म्हणाल्या, आणि तिला गप्प करू नका, मनसोक्त रडू द्या, असंही सांगितलं.

सूर्यकांतनं घड्याळ पाहिलं. तरी कॅसेट घ्यायच्या आधी तो म्हणाला, वहिनी, एकदा वाजवून बघा, नीट भरलंय ना. वर गेल्यावर मग काही करता यायचं नाही.

सुकन्यानं टेप मागे घेऊन सुरू केला. मशीनची टिकटिक आली. मग नुसती तीच, इतका वेळ, की काहीच भरलं नाही असं वाटून तिनं टेप कानाशी नेला. मग सखुबाईंचं "रड गं बाय" खणखणीत ऐकू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्यामुळं बिघडलं, एवढं पुसून टाक म्हणू लागल्या. सुकन्या हसली. राहू दे म्हणाली.

मग ते रडणं लागलं, घोगरं आणि चढत जाणारं.

खाटेवर सुखदा अजून रडतच होती. टेपमधला आवाज मोठा झाला तशी ती एकदम थांबली. तोंड उघडंच राहिलं. डोळे मोठे करून ती एका बाजूला बघू लागली, मग दुसऱ्या. सिस्टरचा हात वरच्या वर थांबला. सूर्यकांतला उशीर होत होता, पण तोही दारातून हलला नाही.

"कोण रडतंय ते बघतीय," सखुबाई म्हणाल्या.