चमच्याचं दूध

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या साली सासूने गोजराच्या तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडलं. लग्नघरात सून सारखी पदराआड बसलेली शोभत नाही म्हणे! छातीला कडुलिंब फासला, पोराला बाटली लावली.

लग्न थाटात झालं, पण पोराला हगवण लागली. गोजराने त्याला पुन्हा छातीशी धरलं, तर दूध आटलेलं. सुईण म्हणाली, "पोरी, छातीवर चमच्यानं गाईचं दूध सोडत राहा. पोर चोखील, पान्हा फुटेल."

सासू फणकारली, "भाकड म्हैस चमच्यानं दुभते व्हय?"

अठराव्या दिवशी गोजराने चमचा बाजूला ठेवला, तरी पोर घटाघटा पीत राहिलं.

सासू गावभर सांगत सुटली, "माझ्या हळिवाच्या लाडवांनी पान्हा फुटला!" लाडू तिने केलेच नव्हते. सात वर्षं ही बढाई चालली. मग माघात सासू वारली, तेव्हाच ती थांबली.