पहिली भाकर

"लांडगा घरात येतच न्हाई, सर," आरती म्हणाली. "पाप असतं तर आत आलं असतं."

कामशेतच्या वाचनालयात रविवारचा वर्ग चालू होता. गोरख सरांसमोर सहा मुलं सतरंजीवर बसली होती. सगळी यंदा बारावी झालेली. पुढ्यात एका जुन्या इटालियन कवितेची झेरॉक्स पानं. सातशे वर्षांपूर्वी कुण्या जोगिणीनं लिहिलेली ती कविता सरांनीच इंग्रजीवरून मराठीत आणली होती.

कविता साधी होती. बर्फाळ डोंगरात एक म्हातारी एकटी राहते. रोज संध्याकाळी दाराशी लांडगा येतो. ती त्याला भाकर देते. एके दिवशी लांडगा येत नाही, तरी ती उंबऱ्यावर भाकर ठेवते. तेवढ्यात खालच्या मठातली घंटा आपोआप वाजू लागते.

वीस वर्षं सर एकच अर्थ सांगत आले होते. म्हातारी म्हणजे जीव, लांडगा म्हणजे पाप, भाकर म्हणजे जीवाचा दुबळेपणा. बायबलमध्ये मेंढरांवर टपलेला लांडगा आहे, त्याच्याकडे कवयित्री बोट दाखवते. मुलं ते जसंच्या तसं लिहून घेत.

"मग तो कोण, आरती?" सरांनी शांतपणे विचारलं.

"ते न्हाई सांगता येत. पण म्हातारी त्याला पहिली भाकर देती. उरलेली न्हाई. पापाला पहिला घास कोण देतं? आमच्या वाडीत पहिला निवद वाघजाईच्या दगडावर ठेवत्यात. भ्या वाटतं म्हणून न्हाई. रान तिचं हाय म्हणून."

सरांनी पान वर करून पाहिलं. तव्यावरची पहिली भाकर, असंच लिहिलं होतं. त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

"आता इटलीत पण वाघजाई बसव," स्नेहल म्हणाली. "शेंदूर इथून पाठवू."

मुलं हसली. आरतीही हसली.

स्नेहल मात्र हसली नाही, हे सरांनी टिपलं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात पहिलं उत्तर तिचं असायचं. तिच्या वडिलांची पवनेकाठी बागायत होती आणि घरात पुस्तकांचं कपाट होतं. आरती डोंगरावरच्या वाडीतून दीड तास चालत यायची.

लोणावळ्याच्या एका संस्थेनं याच कवितेवर निबंध मागवले होते. तालुक्यातून संस्था एकच निवडणार होती. त्या मुलाला पुण्यात दोन वर्षं इटालियन शिकायला मिळणार होतं, राहण्याजेवणासकट. निबंध शनिवारी संध्याकाळी सातच्या आत पोचायला हवे होते. आरतीची आई, सावित्राबाई, सरांना सांगून गेली होती, "ह्यात झालं तर झालं, सर. न्हाईतर दिवाळीपासून पोरगी बंगल्यावर भांड्याला जाईल. मुकादमाला शब्द दिलाय."

बुधवारी सहाही निबंध सरांकडे आले. आरतीचा वहीच्या पानांवर होता, दुसरी प्रत नव्हती. सरांनी तो रात्री वाचला. मग पुन्हा वाचला.

गुरुवारी स्नेहल एकटीच आली.

"सर, आरतीचा निबंध तुमच्याकडेच आहे ना?"

"हो. का?"

"वाचायला मिळेल? एकदाच."

"एकाचं लिहिलेलं दुसऱ्यानं बघायचं नाही."

"बरं." ती दारापाशी थांबली. "खूप चांगलाय का?"

सरांनी तिला समोर बसवलं. शिकवायच्या आवाजात म्हणाले, "स्नेहल, मत्सर कसा ओळखायचा सांगू? दुसऱ्याचं चांगलं वाचताना आधी त्यातली चूक शोधावीशी वाटते. आणि चूक सापडली नाही की जास्त त्रास होतो. असं झालं की माणसानं सावध व्हावं."

स्नेहलचे कान लाल झाले. "हो सर," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सर लोकलनं लोणावळ्याला गेले, निबंधांचं पाकीट देऊन दुपारी परस्पर घरी परतले.

रविवारी आरतीनं आल्या आल्या विचारलं, "दिलं का, सर?"

"पाकीट माझ्या हातानं दिलं," सर म्हणाले. हजेरीचं रजिस्टर काढायला त्यांनी टेबलाचा खण उघडला. रजिस्टर उचलून त्याखाली पाहिलं. मग खण लावून त्यांनी स्नेहलकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. त्या दिवशी त्यांनी कविता घेतली नाही, व्याकरण घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"कुणाचं नाव हाय, सर?" आरतीनं विचारलं.

"तुझं," सर म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुषार म्हणाला, "आता वाघजाईला इटालियनमध्ये नवस बोल." आरती आईला सांगायला तशीच पळत सुटली, चपला दारात विसरून.

वर्ग सुटला. स्नेहल मागे राहिली. सतरंजीची घडी घालत होती.

"वाईट वाटलं ना?" सरांनी हळूच विचारलं.

"वाटलं. अजून वाटतंय."

"स्वाभाविक आहे."

तिनं सतरंजी कोपऱ्यात ठेवली. "त्या शनिवारी इथं झाडायची माझी पाळी होती, सर. तुम्ही लोणावळ्याहून येऊन गावात पोचला होता. तुम्हाला स्टेशनाच्या पायऱ्या उतरताना पाहिलं मी, हात रिकामे होते. इथं आले, खण उघडला, तर आरतीचा निबंध रजिस्टरखाली."

सरांचा हात खणाकडे गेला.

"मी वाचला," ती म्हणाली. "फाडावासा वाटला. कोपरा धरलाही होता."

"मग?"

"मग पाचची लोणावळा लोकल धरली."