नव्या रबराला एक बाटली

ला पाझच्या उभ्या उतारावर दोनदा ब्रेकवरून पाय सटकला, तेव्हा कुठे फोर्तुनातोने मिनीबसच्या पेडलांची झिजून गुळगुळीत झालेली रबरं बदलली.

"आता पाय कसा घट्ट बसतोय बघ!" तो बायकोला म्हणाला.

"नवी वस्तू आहे, आधी धरतीमातेला पाजू दे, मग हलव गाडी," म्हणत इलारियाने नव्या रबरांवर फुलं वाहिली आणि बिअरची अख्खी बाटली ओतायला घेतली.

"अगं, पुरे! पुरे!"

पहिल्याच वळणावर फोर्तुनातोचा पाय ओल्या ब्रेकवरून सटकला आणि मिनीबस बाजारातल्या बटाट्यांच्या ढिगात घुसली.

 

शेजारच्या सीटवर मांडीवरचे बटाटे झटकत इलारिया कडाडली, "तरी म्हणत होते, एका बाटलीने धरतीमातेचं भागायचं नाही! जा, आणखी दोन आण!"