पाडव्याचा चक्का

पाडव्याच्या सकाळी मालन आंघोळ करून आली, तर श्रीखंडासाठी टांगलेला चक्का खुंटीवर नव्हता. बोटीवरून सुट्टीला आलेला तिचा नवरा जयवंत त्यात काकडी किसून, पिळून घालत होता. वर ठेचलेला लसूण.

“अहो, वाट लावलीत! नैवेद्याच्या चक्क्यात लसूण?”

“ग्रीसला बंदरावर असंच खातात. चाखून तर बघ.”

त्यानं गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. पावाला लावून पहिला घास खाताना मालनचे डोळे आपोआप मिटले. मुलुंडला कुठला समुद्र, पण खालून गेलेली बस तिला लाटेसारखी वाटली.

“तिथं कुणाबरोबर खायचात?”

“समोरची खुर्ची रिकामी ठेवायचो. तुझी.”

पुढच्या पाडव्याला जयवंत बोटीवर होता. मालननं देवापुढं गूळखोबरं ठेवलं, चक्क्यात लसूण घातला आणि गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या.