न बसायची खुर्ची

“हा टॉवेल कुणी टाकला?” केतकीने विचारले.

बुद्धभूषणने वळून पाहिले. चौथऱ्यावरची त्याची खुर्ची होती तिथेच होती. पण तिच्या पाठीवर आता पांढराशुभ्र टॉवेल होता, कडा जुळवून, एकही सुरकुती न पाडता घातलेला. शेजारी केसरबाई, त्याची आई, हात बांधून उभ्या होत्या.

“मीच टाकला, म्याडम,” त्या म्हणाल्या. “पिशवीत होता धुतलेला. साहेबाची खुर्ची उघडी बरी दिसत नाई.”

मलकपेठेतल्या जुन्या गोदामातली ती गॅलरी केतकीची. तिने दोन पावले मागे जाऊन मान तिरकी केली. “काकू, कमाल! भूषण, हा टॉवेल राहू दे. सहाला दिल्लीची माणसं येतायत. तिथल्या प्रदर्शनाला हैदराबादचं एकच काम नेणार आहेत, आणि ते हेच असणार!” एवढे बोलून ती फोन कानाला लावून दाराकडे गेली.

तीन वर्षे भूषण या खुर्चीच्या मागे होता. दिवसभर दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमध्ये मुलांना चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात खुर्ची. काम दिल्लीला गेले, तर क्लास सोडता येणार होता. खुर्चीचा एक पाय नवाबी सोफ्याचा, सोनेरी. दुसरा लोखंडी पाइपचा, तिसरा प्लॅस्टिकचा. चौथा मुद्दाम दोन बोटे आखूड. सगळे नुसत्या गोंदावर. माणूस टेकला की संपले. खाली तीन भाषांत पाटी होती : बसू नये.

“पोस्टमॉडर्न मंजे काय रे?” केसरबाईंनी दुपारीच विचारले होते.

“जुन्याचे तुकडे घ्यायचे, थट्टेनं जोडायचे.”

“मंजे गोधडी.”

“गोधडी पांघरता येते, आई. हिच्यावर बसता येत नाही.”

“मंग कायकू केली?” त्या म्हणाल्या होत्या, आणि भूषण हसला होता. आईला कळणार नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

मग, टॉवेल टाकण्याआधी, त्या एकट्याच गॅलरीत फिरल्या होत्या. छताच्या काचांतून संध्याकाळचे पिवळे ऊन खाली झिरपत होते. तारेला टांगलेला गुलाबी चारमिनार हळूहळू गिरक्या घेत होता. एक घड्याळ उलटे चालत होते आणि कुणालाच त्याची घाई नव्हती. भिंत नसलेले एक दार मधोमध उभे होते. केसरबाईंनी ते उघडले, त्यातून पलीकडे गेल्या आणि रीतसर मागे लावून घेतले. सगळे झोपेत चालल्यासारखे वाटत होते. बरे वाटत होते.

त्या खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या. लाल रेक्झिन विटले होते, पण डाव्या बाजूची चीर जाड दोऱ्याने शिवलेली होती. टाके त्यांचेच होते. सुलतान बाजारच्या ज्या ऑफिसात त्या शिपाई होत्या, तिथले जुने सामान भंगारात निघाले तेव्हा भूषणने ही पाठ आणि बैठक आणली होती, नुसता रंग आवडला म्हणून. आईला सांगायचे त्याच्या डोक्यातही आले नव्हते.

तीस वर्षे रोज सकाळी त्यांनी ही खुर्ची पुसली होती. दर सोमवारी ताजा टॉवेल. साहेब बदलत गेले, खुर्ची तीच राहिली. एकदा मे महिन्यात पुसता पुसता त्यांना चक्कर आली. खोलीत दुसरे कुणी नव्हते. तरी त्या फरशीवर बसल्या.

“भूषण, हिच्यावर आता कोण बसणार?” केतकी दाराकडे गेल्यावर त्यांनी टॉवेलकडे बघत विचारले.

“कुणीच नाही, आई. तीच तर गंमत आहे. खुर्ची आहे, पण बसायचं नाही.”

“हौ,” केसरबाई म्हणाल्या. “ते तर मी तीस वर्षं केलं.”

त्या हे सहज म्हणाल्या, घरात मीठ संपले म्हणावे तसे. भूषणला मात्र स्वतःची लाज वाटली. आपण नवीन काहीतरी केले, असे तो तीन वर्षे समजत होता.

बाहेर गाडी थांबली. “आले, आले!” दारातून केतकी ओरडली.

“बस, आई.”

“नक्को रे. मोडंल. तुझी एवढी मेहनत.”

“मोडू दे. तू बस.”

तो गुडघ्यांवर बसला. आखूड पायाखाली त्याने तळहात सरकवला आणि पाठीला खांदा लावला. केसरबाईंनी चपला काढल्या, टॉवेल उचलून त्याची नीट घडी केली आणि चौथऱ्यावर चढून अलगद टेकल्या. कुठेतरी गोंद कडकन सुटला. पाहुणे आत येऊन थबकले. केतकीने तोंडावर हात ठेवला. ही खुर्ची आता दिल्लीला जाणार नव्हती, हे भूषणला कळले आणि त्याचे वाईट वाटेना. हातावर आईचे वजन होते. फार नव्हते.

केसरबाईंनी बैठकीच्या दोन्ही कडांवर हात टेकून पाहिले. मागे रेलून पाहिले. मग वाकून मुलाच्या कानाशी त्या नवलाने म्हणाल्या,

“भूषण, हिलाच भीत होते होय रे मी?”