भिंतीवरची हातोडी

वेंडेलने लिफ्टवर चढवलेली गाडी खाली उतरवली, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "काही नाही. घेऊन जा."

जर्मेन तिबो जागची हलली नाही. इतक्या वर्षांत या गॅरेजात हे शब्द तिच्या कानावर कधी पडले नव्हते.

गाडीची तपासणी मालकाच्या जन्ममहिन्यात करायची असा नियम; तिचा जन्म फेब्रुवारीतला, म्हणून तपासणीही दर फेब्रुवारीत. काचेवर तपासणीचं स्टिकर नाही तर गाडी रस्त्यावर नाही, असा राज्याचा कायदा. आणि वेंडेल पाईकला दर वेळी काहीतरी सापडायचंच. कधी ब्रेकची नळी, कधी पुढच्या चाकाचा सांधा, कधी तळाला बोट जाईल एवढं पडलेलं भोक. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड खातं, असं तो सांगे. मीठ खातं की वेंडेल खातो, असं जर्मेन चर्चच्या शनिवारच्या जेवणात चार टेबलांना ऐकू जाईल अशा बेताने विचारी. त्याची मासेमारीची होडी आपल्या गाडीच्या गंजाच्या पैशांवर तरंगते, हेही तिचंच म्हणणं. ते गावात सगळ्यांना पाठ होतं.

या हिवाळ्यात तपासणीची सक्ती उठली. ज्याची गाडी त्याने पाहावं. त्या दिवशी जर्मेनने शेजारणीला बोलावून मेपलचा पाक ओतून पॅनकेक खाऊ घातले होते.

आणि तरी आज ती आपणहून आली होती. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या व्रताचा पहिला दिवस; सकाळची प्रार्थना उरकून थेट, कपाळावर राखेचा क्रूस तसाच. कारण सोमवारपासून ही गाडी तिची नात आदेल चालवणार होती. डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात आदेलला नोकरी लागली होती. वाट सगळी उताराची, गिरणीपाशी एकदम वळण, आणि वळणाखाली नदी.

"काही नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे काही नाही. चालते, थांबते. आणखी काय हवं?"

"दरवर्षी काढायचास की काहीतरी."

"दरवर्षी तुम्ही मला चोर म्हणायचात, मिसेस तिबो."

हे तो रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी सरळ आवाजात बोलला. वर पैसेही नकोत म्हणाला, आणि मग तर जर्मेनच्या मनात पालच चुकचुकली.

खरं तर आज तिला हे शोभणारं नव्हतं. सकाळी कपाळाला राख लागताना तिने मनाशी नेम धरला होता: ईस्टरपर्यंत कुणाबद्दल वाकडा विचार करायचा नाही. बाकीचे चॉकलेट सोडतात, बिअर सोडतात. तिने जे सुटणं सर्वांत कठीण तेच निवडलं होतं. आणि अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

आभार मानावेत, किल्ली घ्यावी, निघावं. तिने किल्ली उचललीही. तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. खिळ्याला छोटी हातोडी लटकत होती. दरवर्षी वेंडेल ती घेऊन गाडीखाली शिरायचा आणि पुढून मागे, एकेक नळी, एकेक पट्टी ठोकत जायचा, कान देऊन: धड लोखंड खणखणतं, सडलेलं मुकं राहतं. शेगडीजवळच्या खुर्चीत बसून जर्मेनला त्या प्रत्येक ठोक्याचा राग यायचा. आज त्याने नुसता दिवा फिरवला होता. हातोडी खिळ्यावरून उतरलीच नव्हती.

"ठोकून नाही बघितलंस," ती म्हणाली.

वेंडेलने खांदे उडवले. मग तिच्याकडे न बघता सांगू लागला. गेल्या आठवड्यात एकाला सांगितलं, ब्रेकची नळी सडली आहे, अशीच पळवू नकोस. तो तोंडावर हसला. कायदा गेला तर आता भीती विकायला बसलास का, म्हणाला, आणि तीच गाडी घेऊन गेला. असे बरेच येऊन गेले. पूर्वी स्टिकर लावलं की जबाबदारी वेंडेलची. चूक झाली तर राज्याचा माणूस त्याच्या दारात. आता त्याला कुणी विचारत नाही.

"लोकांना जे ऐकायचं असतं ते सांगतो," तो म्हणाला. "तुम्हालाही हेच ऐकायचं होतं ना, इतकी वर्षं?"

जर्मेन दोन पावलं पुढे आली आणि किल्ली त्याच्यासमोर धरली.

"गिरणीच्या उतारावरून तू चालव. मी शेजारी बसते. सोमवारपासून ही गाडी आदेल चालवणार, ती जाईल त्या वेगाने घे."

वेंडेलने किल्लीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, जिथे बर्फ हटवणाऱ्या गाडीने रस्त्याकडेला मळकं बर्फ ढकलून ठेवलं होतं.

"आदेल म्हणजे तीच ना," तो म्हणाला, "शाळेच्या बसमधून मला जीभ दाखवायची?"

"तीच."

त्याने किल्ली घेतली नाही. भिंतीवरचं बटण दाबलं. गाडी कुरकुरत पुन्हा वर गेली. मग त्याने खिळ्यावरची हातोडी काढली.

"खुर्चीत बसा. वेळ लागेल."

जर्मेन बसली नाही. हातमोजा काढून ती त्याच्यामागोमाग गाडीखाली आली आणि तो ठोकणार तिथे खाली तिने तळवा पसरला. पहिला ठोका खणखणीत वाजला. दुसराही वाजला. तिसऱ्याचा आवाजच आला नाही, आणि तिच्या पांढऱ्या तळव्यावर चिमूटभर तांबूस चुरा पडला.