कच्चा टोकोश

“हुंग,” इर्मा म्हणाली.

मेंढीच्या मुंडीच्या रश्शाचा वाडगा तिने नवऱ्याच्या नाकाखाली धरला होता. रश्शातून अर्धा जबडा दातांसकट वर आला होता. कडेने चरबी थिजायला लागली होती. रोमुलोने वाकून हुंगलं.

“काय?”

“काही नाही.”

“मग खा.”

त्याने खाल्लं. डोळासुद्धा खाल्ला. इर्माने स्वतःच्या तोंडावर रुमाल दाबून धरला होता. तिला एकामागून एक उमासे येत होते, पण नवऱ्याच्या तोंडावरची नजर काही हलत नव्हती.

समोर बसलेल्या सेनोबियोचं आपल्या वाडग्यावरचं मन उडालं. तेवीस वर्षं तो वारासहून गाडीतून पाहुणे फिरवत होता. नाकं मुरडणारे त्याने ढिगाने पाहिले होते. भाजलेला गिनीपिग ताटात आला की किंचाळणारे, मक्याची दारू तोंडात घेऊन थुंकणारे. त्यांचा राग यायचा आणि संध्याकाळपर्यंत जायचा. या बाईची मात्र त्याला किळस यायला लागली होती.

सकाळी हे जोडपं लिमाच्या बसमधून उतरलं. रोमुलोचं लहानपण याच खोऱ्यात गेलेलं. सात वर्षांचा असताना आईबापांबरोबर खाली समुद्राकडे गेला, तो आज परत आला होता. “सगळं दाखवा, मास्तर,” इर्मा म्हणाली होती, “आणि सगळं खाऊ घाला.” सेनोबियो खूश झाला होता.

मग यांगानुकोचं सरोवर आलं. तिथलं पाणी बघून शहरातली बडबडी माणसंही गप्प होतात. इर्माने पाण्याकडे पाठ केली. काठावर गाढवाची ताजी लीद पडली होती.

“हुंग,” ती नवऱ्याला म्हणाली.

आणि तो धडधाकट माणूस, चारचौघांत, गुडघे टेकून लिदीवर वाकला. फोटो काढणारी दोन पोरं खिदळली. सेनोबियोने मान फिरवली.

कार्वासला तिने नवऱ्याचं डोकं गिनीपिगच्या खुराड्यात घालायला लावलं. आत मुताने कुजलेला पेंढा होता. मालकीणही चार पावलं मागे सरली. “काय?” “काही नाही.” एवढंच त्यांचं बोलणं. याने असं केलं तरी काय असेल, सेनोबियोला वाटलं. दुसरी बाई ठेवली असेल? ठेवली असली तरी ही काय शिक्षा झाली?

आता ती हात धुवायला गेल्यावर त्याच्याने राहवेना.

“भाऊ, तुम्ही तिला नाही म्हणत नाही कधी?”

रोमुलो ओशाळून हसला. “करू दे तिला. दुसरं काय करणार ती?”

नवऱ्याचीही किळस आली त्याला.

तिथून ते करासला आले. बाजाराच्या तोंडाशी आग्रिपिना नावाची म्हातारी टोकोश विकते. ओढ्याकाठी खड्डा खणून, गवतात गुंडाळून, वाहत्या पाण्याखाली आठ आठ महिने सडवलेले बटाटे. दालचिनी, लवंग घालून ती त्यांची खीर करते. सेनोबियो तिच्या हातची खीर खातच मोठा झाला होता.

“खीर नको, मामिता,” इर्मा म्हणाली. “कच्चा द्या. असेल त्यातला सगळ्यात जुना.”

“कच्चा? अगं, कच्चा तर माझं डुक्करही खात नाही.”

“द्या हो.”

म्हातारीने मडक्याच्या तळातून राखाडी, बुळबुळीत गोळा काढला. गटार, नासलेलं चीज आणि मेलेला उंदीर, सगळं एकदम उघडल्यासारखा भपकारा आला. बाकावरची दोन गिऱ्हाइकं वाटी घेऊन उठली. इर्मा रस्त्याच्या कडेला धावली आणि भडाभडा ओकली. तोंड पुसत परत आली. गोळा उचलून तिने नवऱ्याच्या नाकाला जवळजवळ चिकटवला.

“हुंग.”

“बस्स झालं, बाई!” सेनोबियो ओरडला. “आम्ही हे खातो, पण कुणाच्या नाकात कोंबत नाही. नवरा आहे तो तुमचा, कुत्रा नाही!”

बाजार थबकला. इर्माने वळूनही पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

रोमुलोची मान जराशी मागे गेली. कपाळावर आठी पडली. त्याने तिच्या हातातून गोळा घेतला, पुन्हा नाकाशी नेला आणि चटका बसावा तसा लांब धरला.

“शी! केवढी घाण येतेय!”

इर्मा रस्त्यातच मटकन खाली बसली.

“परत म्हण.”

“घाण येतेय गं. सडल्याची. चिखलाची...” तो गोळा हुंगत होता, ओकारी दाबत होता, पुन्हा हुंगत होता. गालांवरून पाणी वाहत होतं.

सेनोबियोने आग्रिपिनाकडे पाहिलं. तिलाही काही उमजेना.

“दोन वर्षं आठ महिने, मास्तर,” इर्मा खालूनच म्हणाली. “त्या साथीतल्या तापानंतर याला कसला म्हणजे कसला वास आला नाही. घरात गॅस सुटला, तर हा बाजूलाच पेपर वाचत बसलेला. डॉक्टर म्हणाले, लहानपणचे वास देऊन बघा. उग्र असतील तितके बरे. आला तर आला.”

सेनोबियोने तिला हात देऊन उठवलं.

“अजून दोन गावं राहिलीत,” तो कसाबसा म्हणाला. “तिथली मक्याची दारू चांगली असते. नेऊ?”

“नको. जी पहिली मिळेल त्या लिमाच्या बसला सोडा आम्हाला.” ती डोळे पुसत होती, हसत होती. “घरी सव्वा वर्षाची पोर आहे. तिच्या टाळूचा वास याने अजून घेतलेला नाही.”